संगीत शारदा, नव्या चाली : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५, गिरगाव

संकलित संहिता कायम झाली. मध्यंतर धरून प्रयोग २ तास ५० मिनिटांत बसवायचा, म्हणून पदे १८ ठेवली. ११ पदांना नव्या चाली, ५ जुन्याच चालीत, २ तबल्याशिवाय नुसती म्हणायची.

नाटक १८९९चे. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे शब्दांची अडचण नाही. चालींच्या बाबतीत मात्र एक पथ्य पाळायचे. पुढच्या गायक-नटांनी ध्वनिमुद्रिकांमध्ये घेतलेल्या खास जागा (गळ्यातली वळणे) उचलायच्या नाहीत. नवी चाल म्हणजे पहिल्या स्वरापासून नवी.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्यावी. जुन्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर ‘चाल – अमुक’ असे छापलेले असते. कीर्तनातली, लावणीतली, बायकांच्या गाण्यातली, कानडी पदातली, बैठकीच्या चिजेतली चाल कवीच्या कानात आधी होती आणि शब्द त्यावर बसवले गेले. आपण उलट्या बाजूने निघालो आहोत. शब्द कायम आणि चाल नवी. त्यामुळे ज्या चालीवर शब्द बेतले तिचा साचा शब्दांच्या अंगात आहेच. तो आधी ओळखायचा, मग पेटी उघडायची. राग ठरवण्याची घाई करू नये.

परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकाच्या प्रयोगाला परवानगी देणारे मंडळ) जाणाऱ्या प्रतीत पदे पूर्ण लिहायची. गाळलेली कडवी प्रतीतूनही गाळायची.

२१ जून

मात्रामोजणी. लघुला एक, गुरूला दोन, जोडाक्षराआधीचा लघु आघात आला तरच गुरू. ‘म्हा’, ‘न्ही’ यांनी मागच्या अक्षराला वजन येत नाही. दिवसभरात १८ पैकी ७ पदे झाली, कारण मध्येच शुद्धलेखनाचा घोळ सापडला. तो सविस्तर लिहून ठेवतो.

टंकलिखित संहिता आजच्या नियमांनी छापलेली आहे. १९६२च्या नियमांनंतर शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. गद्याला त्याने काही होत नाही. पदात मात्र मात्रा वाढते. उदाहरण समोरच आहे.

मूर्तिमंत | भीति उभी | मजसमोर | राहिली

मूर् २, ति १, मं २, त १, म्हणजे ६. भी २, ति १, उ १, भी २, पुन्हा ६. म १, ज १, स १, मो २, र १, पुन्हा ६. राहिली ५, वर एक विश्रांती. ओळ २४ मात्रांची, सहा-सहाचे चार स्वच्छ गट. आता टंकलिखित प्रतीत ‘भीती’ आहे. ती दीर्घ केली की दुसरा गट ७चा होतो आणि पुढची सगळी ओळ एक मात्रा घसरते. गाणारा नकळत ‘उ’ गिळून टाकतो, आणि ऐकणाऱ्याला ‘भीतीभी’ ऐकू येते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे.

म्हातारा इतु | का न ऽऽऽऽऽ | अवघें पाउण | शें वयमान ऽ

आठाच्या ठेक्यात बसवा. ‘अवघें पाउण’ बरोबर ८, त्यामुळे सम (ठेक्याची पहिली, जोराची मात्रा) ‘शें’वर येते, आणि म्हाताऱ्या वराला चिडवण्याचा सगळा जोर ‘पाउण-शें’ या आकड्यावर पडतो. नव्या पद्धतीने ‘पाऊणशे’ वाचले तर ‘अवघे पाऊ’ एवढ्यातच ८ संपतात आणि सम ‘ण’वर येते. ‘ण’वर आघात देऊन पंचाहत्तरी कशी सांगणार?

निर्णय : संवाद आजच्या शुद्धलेखनात, पदे जुन्या छापील प्रतीप्रमाणे. पदांची वेगळी वही केली आहे. तालमीला तीच वापरायची, संहितेतली पदे कुणी वाचू नयेत.

२८ जून

सर्व पदांचा तक्ता पूर्ण. प्रत्येक पदापुढे गटांची विभागणी, यति (ओळीतला थांबा), आधीच्या संवादाचे शेवटचे वाक्य आणि पदानंतरचे पहिले वाक्य. शेवटच्या दोन रकान्यांना कमी लेखू नये. चाल कुठल्या भावातून उठते आणि गद्याच्या हातात कुठल्या स्वरावर पद सोपवायचे, हे त्यांवरूनच ठरते.

साकी असेल तर १६ आणि १२ मात्रा, दिंडी असेल तर ९ आणि १०. ही वृत्ते स्वतःची चाल घेऊनच येतात, त्यांना नवे कपडे घालायचे नाहीत. तबल्याशिवायची दोन पदे याच जातीची आहेत.

लग्नाच्या प्रसंगाला मागून येणारे मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात, १९ अक्षरे, बाराव्यावर यति. घराघरात जसे म्हणतात तसेच, किंचित बेसूर चालेल. ‘सावधान’ नीट ऐकू यायला हवे.

५ जुलै

‘मूर्तिमंत भीति’ घेतले. दादरा शब्दांनीच ठरवला आहे : सहाचे गट, सम १, खाली (बिनजोराची मात्रा) ४. पहिल्या गटात खाली ‘मं’वर, तिसऱ्यात ‘मो’वर, चौथ्यात ‘ली’वर. तिन्ही गुरू, तिन्ही लांबवता येतात. अडचण फक्त दुसऱ्या गटात.

भी (१-२) ति (३) उ (४) भी (५-६)

इथे खाली ऱ्हस्व ‘उ’वर येते. तबलजीने चौथ्या मात्रेला नेहमीचे वजन दिले की गाणारा ‘ऊभी’ म्हणतो. तीन वेळा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच. दोन उपाय केले. ‘ति’ आणि ‘उ’ एकाच स्वरावर ठेवले, म्हणजे चौथ्या मात्रेवर स्वर हलत नाही. मग पाचव्या मात्रेवर ‘भी’ला उडी. तबल्यावर त्या आवर्तनात (तालाच्या फेऱ्यात) चौथी मात्रा नुसत्या बोटाने, बायाँ (डग्गा) बंद. आता शब्द ‘उभी’ असाच ऐकू येतो, आणि आड मात्रेवरच्या उडीने दचकल्याचा भाव आपोआप येतो.

लय ९६, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. ओळ १५ सेकंदांची होते. ७२ला ती २० सेकंद चालते आणि वाक्य संपेपर्यंत अर्थ हातातून निसटतो.

९ जुलै

त्याच पदाचा राग. तोडीत बांधून पाहिले. गाणे म्हणून चांगले झाले, पण ऐकताना शोक वाटतो, भीती वाटत नाही. कारण धैवतावरून गंधारावर येणारी मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणे) लघु अक्षरांनाही ओढते आणि ‘मजसमोर’मधले तीन लघु विरघळून जातात. भीतीला ते तुटक लघु हवेत.

मारवा घेतला. पंचम (प) नाही, षड्जावर (सा) मुक्काम टाळायचा, रिषभ-धैवतावर उभे राहायचे. पायाखाली जमीन नसल्यासारखे वाटते, आणि या पदाला तेच पाहिजे. मुखड्याचा (पदाच्या पहिल्या ओळीचा) शेवट ‘ली’ षड्जावर न टेकवता रिषभावर सोडला. षड्ज पहिल्यांदा पूर्ण मिळतो तो पदानंतरच्या गद्याच्या तोंडावर, ऑर्गनवर. तंबोऱ्याच्या पहिल्या तारेला पंचमाऐवजी निषाद.

पडताळा नेहमीप्रमाणे. नटाने आधीचा संवाद म्हणायचा आणि न थांबता पदाची पहिली ओळ चालीशिवाय, नुसती बोलायची. फोनवर मुद्रण करून आवाज कुठे चढतो ते बघायचे. चारही वेळा चढ ‘समोर’वर आला. चालीत सर्वांत वरचा स्वर ‘उभी’वर होता. तो उतरवून ‘मो’वर नेला. शब्दाने दाखवलेली जागा चालीने मानावी. अकराही पदांना ही कसोटी लावायची, अपवाद नाही.

१४ जुलै

दोन नुसती म्हणायची पदे झाली. ऑर्गनवर षड्ज-पंचम धरून, बाकी काही नाही. २० मिनिटांचे काम.

१९ जुलै

पट्ट्या, म्हणजे कुणाचा षड्ज पेटीच्या कुठल्या काळ्या पट्टीवर. कोदंड (नायक) काळी एक, शारदा (नायिका) काळी चार. अवतीभवतीच्या बहुतेक सगळ्यांना या दोहोंत बसवले आहे.

काळी चारचा शुद्ध मध्यम म्हणजे काळी एक. म्हणून काळी एकला लावलेला एकच तबला कोदंडाच्या षड्जात आणि शारदेच्या मध्यमात चालतो. मात्र रागात शुद्ध मध्यम असेल तरच. भूप किंवा यमन आला की तोच तबला कानाला टोचतो. तिथे पंचमात लावायचा, म्हणजे काळी दोन. मारव्यात पंचम वर्ज्य आणि मध्यम तीव्र, त्यामुळे षड्जाशिवाय पर्याय नाही.

प्रयोगात गठ्ठे (तबल्याच्या बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकत बसायला वेळ नसतो. तीन तबले नेमले :
– साडेपाच इंची, काळी एक
– साडेपाच इंची, काळी दोन
– सव्वासहा इंची, खालची काळी चार, मध्यम आणि पंचम दोन्ही नडतील अशा पदांसाठी

पदांच्या वहीत प्रत्येक पदापुढे तबल्याचा क्रमांक लाल शाईने लिहिला आहे. पेटीची पट्टी बदलता आली तरी ऑर्गनची बदलता येत नाही. वादकाने काळी चारमधली नऊ पदे बोटांत बसवून घ्यावीत, पांढऱ्या पट्ट्या कमी लागतात म्हणून सुरुवातीला हात अडखळतो.

२६ जुलै

‘म्हातारा इतुका न’. आपल्या बसवण्यात हे पद सहा जणींच्या घोळक्याला दिले आहे. आठाचा ठेका, लघुला एक मात्रा, लय २४०. मिश्र पिलू, कारण दोन्ही गंधार हाताशी असले की लाडिकपणातून टोमण्यात एका स्वरात जाता येते.

‘इतुका’ शब्द समेवर तुटतो : ‘इतु’ अलीकडे, ‘का’ पलीकडे. पहिल्यांदा हा दोष वाटला आणि ठेका सरकवून पाहिला. मग लक्षात आले की समेवरचा तो ‘काऽ’ हीच थट्टा आहे, ‘एवढा काही म्हातारा नाही हो’ म्हणताना आवाज तिथेच ताणला जातो. देवलांनी तो तिथे ठेवला, आपण हलवायचा नाही. ‘का न’नंतर पाच मात्रा रिकाम्या राहतात. एक सोडून पाचव्या मात्रेला, खालीवर, सहा जणींची एकच टाळी, मग पुढच्या समेपर्यंत शांतता. या फटीत ऑर्गनने काही भरू नये. भरले की हसू मरते.

कडव्यात ‘दंताजींचे | ठाणे उठले’ हे आठ-आठ मात्रांचे, धक्क्याने जाते. ‘ठाणे उठले’ म्हणजे चौकी उठून गेली, तोंडात पहारेकरी राहिले नाहीत. हा अर्थ मुलींना समजावून सांगितल्यावर उच्चार लगेच सुधारला. अर्थ कळल्याशिवाय गाऊन घेऊ नये.

बिघाड : कोमल गंधाराच्या जागी सगळ्या जणी शुद्ध गंधार लावत होत्या. कारण स्वरलिपी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. फोनवरून मजकूर पाठवताना ती रेघ उडून गेली आणि ‘ग’ नुसता ‘ग’ उरला. तीव्र मध्यमावरची उभी रेघही तशीच जाते, सप्तकाचे टिंबसुद्धा. यापुढे स्वरलिपी हाताने लिहून तिचा फोटो पाठवायचा. सोबत तंबोऱ्यावर गायलेले मुद्रण, पूर्ण लयीत एकदा आणि निम्म्या लयीत एकदा. चुकीचे पाठ झालेले उतरवायला दोन तालमी गेल्या.

३ ऑगस्ट

पाऊस लागून राहिला आहे. तिन्ही तबल्यांच्या पुड्या (वरची कातडी) ढिल्या, अर्ध्या तासात अर्धा स्वर उतरतात. गठ्ठे खाली ठोकत राहिले तर पुढे वातानुकूलित नाट्यगृहात कोरड्या हवेत पुडी ताणून फाटेल. तालमीपुरते स्वर थोडा खाली मान्य करायचा आणि ऑर्गनऐवजी बदलत्या पट्टीची पेटी घेऊन तबल्यामागे जायचे. खोक्यात सिलिकाच्या पुड्या ठेवल्या आहेत, दर आठवड्याला तव्यावर गरम करून कोरड्या करायच्या. व्हायोलिनचे गज वाजवून झाल्यावर सैल करून ठेवावेत.

१० ऑगस्ट

अपेक्षित अडचण आली. नवी चाल पाठ असूनही अंतऱ्यात (मुखड्यानंतरच्या कडव्यात) नट जुन्या चालीवर घसरतात. ज्यांनी जुनी लहानपणापासून ऐकली आहे ते जास्त. ताल तोच, शब्द तेच, मग जीभ ओळखीच्या वाटेने जाते. प्रेक्षकांतही हेच होणार. पुढच्या रांगेतल्या कुणी जुनी चाल गुणगुणली की रंगमंचावरचा सूर डळमळतो.

पहिला उपाय : मुखडा समेऐवजी खालीपासून उचलायचा. ‘मूर्तिमंत’वर करून पाहिला. ‘मू’ चौथ्या मात्रेवर, सम ‘मं’वर. पुढच्या गटात सम थेट ‘उ’वर येऊन पडते. ज्या ‘उ’ला वाचवायला इतकी खटपट केली, त्यावरच सगळ्यांत मोठा आघात. रद्द.

दुसरा उपाय टिकला. सम जिथल्या तिथे ठेवायची आणि अंतऱ्याच्या पहिल्या तीन स्वरांची दिशा जुन्या चालीच्या उलट ठेवायची. जुनी चढत असेल तर नवी उतरत सुरू करायची. तीन स्वर वेगळ्या वाटेने गेले की चौथ्याला जीभ परत येत नाही. अकरापैकी चार अंतरे या हिशेबाने पुन्हा बांधले. शिवाय मुखडा आणि अंतरा यांच्यामध्ये व्हायोलिनचे एक आवर्तन, त्यात अंतऱ्याचा पहिला स्वर स्पष्ट.

जुन्या चालींबद्दल एक सांगायला हवे. त्या खराब आहेत म्हणून बदलत नाही. त्या बैठकीच्या गळ्यासाठी फुलत गेल्या, आणि आपल्याकडे गाणारे नट आहेत. पाच पदे जुन्या चालीत ठेवली ती यासाठीच, की तिथे शब्द आणि सूर इतके एकजीव झालेत की हात लावला तर दोन्हींची हानी.

२४ ऑगस्ट

ऑर्गन आला. आलापाच्या जागी गंधार धरला की गाणाऱ्याचा गंधार आणि ऑर्गनचा गंधार भांडतात. समान विभागणीच्या स्वरांत शुद्ध गंधार ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा ३८६वर. १४ सेंटचा फरक लांब स्वरावर उघडा पडतो. धैवताचे तेच. पंचमाचा फरक दोनच सेंट, तो कुणाला कळत नाही. नियम : लांब स्वराखाली ऑर्गनने षड्ज-पंचमच धरायचे. गंधार-धैवत फक्त चालत्या ओळीत, गाणाऱ्याच्या मागून. मारव्यात नुसता षड्ज, तोही अगदी हलका.

पद सुरू होण्याआधी ‘सूर देणे’ बंद. ऑर्गन घुमला की प्रेक्षक पाठ टेकतात, ‘आता गाणे’ म्हणून, आणि प्रसंग तुटतो. षड्ज दोन संवाद आधीपासून दबक्या आवाजात चालू ठेवायचा. नटाला सूर मिळतो, प्रेक्षकाला कळत नाही.

ताणाच्या प्रसंगात तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे) नाही. तिहाई घेतली की टाळी येते, टाळी आली की वन्स मोअर येतो.

बुधवारी, २७ला गणपती बसतात. ६ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत गिरगावात संध्याकाळच्या तालमी ठेवू नयेत, ऐकूच येत नाही. सकाळी ८ ते ११.

१३ सप्टेंबर, नाट्यगृहात तांत्रिक तालीम

‘म्हातारा’ला घोळका मागे राहतो. तबला सरळ, मुली सरळ, तरी एकत्र नाही. मोजले : पिटपासून (रंगमंचापुढची वादकांची जागा) मुलींची जागा ११ मीटर. आवाज पोचायला सुमारे ३२ मिलिसेकंद, त्यांचा परत यायला तेवढेच, मिळून ६४. लय २४०ला एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, म्हणजे पाव मात्रेचा फरक. ९६च्या दादऱ्यात हा जाणवत नाही. तिथे मात्रा ६२५ची आहे. घोळका ४ मीटर पुढे आणला आणि दोन्ही विंगांत मॉनिटर (नटांकडे तोंड केलेले ध्वनिवर्धक) ठेवले, त्यांत फक्त तबला आणि ऑर्गन. त्यांत गाणे घातले तर माइक शिट्टी घालतो. टाळी आता एक पडते.

कॉलर माइक नऊवारीच्या पदराला घासतात, म्हणून केसांच्या रेषेत कपाळावर लावले. काचेच्या बांगड्या प्रत्येक हातात दोनच, बाकी लाखेच्या. सेल दर प्रयोगाला नवे.

वातानुकूलन चालू झाल्यावर ४० मिनिटांत तिन्ही तबले चढले.

२० सप्टेंबर, रंगीत तालीम

३ तास ४ मिनिटे. १४ जास्त. कुठे गेली ती पाहिली. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद पूर्ण घेतले जाते. अकरा पदांत एकेक पुनरावृत्ती कमी करून अर्धेच ध्रुपद ठेवले, ३ मिनिटे वाचली. ऑर्गनचे आरंभ आठ आवर्तनांवरून दोनवर आणले, २ मिनिटे. जुन्या चालीतल्या दोन पदांचे एकेक कडवे गाळले, ४ मिनिटे. त्याने अर्थाची साखळी तुटत नाही, हे दोनदा वाचून खात्री केली. उरलेली ५ नेपथ्यबदलातून.

पदांच्या वहीची सुधारित प्रत केली : गाळलेली कडवी खोडलेली, तबल्याचे क्रमांक, लय, मॉनिटरच्या खुणा. जुन्या लेखनातल्या ऱ्हस्व इकार-उकारांखाली हिरवी रेघ आहे, कुणी ‘दुरुस्त’ करू नये. परिनिरीक्षण मंडळाकडच्या प्रतीतही हीच कडवी गाळली.

प्रयोगाच्या दिवशी तबले पडदा उघडण्याआधी दोन तास नाट्यगृहात, खोक्यातून बाहेर काढून, वातानुकूलन चालू असताना. पहिल्या घंटेपर्यंत लावायचे नाहीत. दुसरी घंटा झाल्यावर लावायचे आणि मध्यंतरात पुन्हा तपासायचे.